लाकडावर चढवलेलं फायबर

पिंपरघाटच्या चुडामण नानाला नावेविषयी काही विचारलं, की तो चटकन उत्तर देत नसे. आधी नावेच्या बुडावर बोटाच्या पेराने दोनतीनदा टकटक करी, कान लावी, आणि मग बोले. गावातली टवाळ मंडळी म्हणत, नाना नावेची नाडी बघतो. नाना हसून सोडून देई, पण मनातून त्याला ते आवडत असे. चोपडा तालुक्यात तापीच्या काठाने चालत गेलात तर त्याच्या हातची नाव दिसली नाही असा घाट विरळाच. एवढं नाव झालं की माणसाला आपल्या कानाचा गर्व होतो. नानालाही झाला होता, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या गर्वातच होतं.

नानाचा बाप सागाच्या नावा बांधायचा. पंधरा माणसं आणि केळीचे घड घेऊन ऐलतीरावरून पैलतीरावर जाणारी रुंद, चपट्या बुडाची नाव. पिंपरघाटची निम्मी शेती नदीपलीकडे, त्यामुळे गावाची म्हणून एक नाव कायमच असायची आणि ती चालवायला गावाने नेमलेला एक नावाडी. खानदेशातला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, नदी आटून नाव वाळूत उघडी पडे आणि फळ्या आकसून सांधे उघडत. म्हणून आखाजी झाली की बायका नावेच्या तोंडाला कुंकू लावीत, पुरुष सांध्यांत डांबरात भिजवलेला कापूस ठोकीत आणि नावेत धोंडे भरून ती आठ दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे, सांधे मिटत, आणि नाव पावसाळ्याला तयार होई. बुडवल्याशिवाय नाव तरत नाही, असं नानाचा बाप म्हणे. नानाने ते लहानपणी ऐकलं आणि डोक्यात पक्कं बसवलं.

पुढे साग मिळेनासा झाला. नानाने पत्र्याच्या नावा केल्या, मग सुरतेच्या एका कारखान्यात दहा दिवस राहून फायबरचं काम शिकून आला. तिथल्या कारागिराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाकडावर फायबर चढवायचं असेल तर लाकूड कडकडीत वाळलेलं हवं, महिना लागो की दोन महिने. नानाने मान हलवली आणि मनात म्हणाला, याच्या बापाने कधी नाव बांधली होती का.

गावच्या नावेला तेव्हा वीस वर्षं झाली होती. नानानेच सुचवलं, नवी कशाला, हिलाच वरून फायबर चढवू, दरसालची कटकट जाईल. गावाला पटलं. धुळ्याहून फायबर चिकटवायच्या रेझिनचे डबे आले. आणि नानाने काय केलं असेल? काम सुरू करण्याआधी नाव आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवली. सांधे घट्ट मिटू देत, मग वरून झाकण घालू, हा त्याचा हिशेब. बाहेर काढून दोन दिवस उन्हात पालथी घातली. वरून हात फिरवला तर कोरडी ठणठणीत लागली. आतल्या पाण्याची आठवण कुणाला होणार? त्याने आतून-बाहेरून काचेच्या धाग्याचे थर चढवले, निळा रंग दिला. नाव अशी झगमगली की शेजारच्या गावचे लोक बघायला आले.

दोन पावसाळे नाव उत्तम चालली. तिसऱ्या आखाजीला नानाने सवयीने तिच्या बुडावर टकटक केली. एरवी खणखणीत वाजणारं बूड मधोमध हातभर जागेवर बद्द वाजलं. नानाने पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. कापून बघायला हवं, हे त्याला तिथेच कळलं. पण पारावर दहा माणसं बसलेली, हतनूर धरणाच्या फुगवट्यावरच्या मच्छीमारांची तीन नावांची मागणी नुकतीच आलेली, आणि गावच्या नावेचंच पोट फाडायचं? दिवाळीनंतर बघू, असं त्याने ठरवलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला मुहूर्तही चांगले सापडतात.

ती नाव त्याच वर्षी आश्विनात फुटली. पलीकडून कापूस वेचून चौदा बायका परत येत होत्या. नावाडी होता गिरधर, चाळिशीचा, अबोल, कामाला चोख. काठ वीसेक पावलांवर असताना पायाखालचं बूड फाटलं आणि पाणी घुसलं. पाणी छातीभरच होतं, तेवढंच नशीब. गिरधरने एकेकीला ओढून काठावर आणलं. सगळ्या वाचल्या, पण त्यांतल्या कुंदाबाईचा पाय नावेच्या बरगडीच्या लाकडात अडकून मोडला आणि ती जन्माची लंगडी झाली.

दुसऱ्या दिवशी नाव वाळूवर ओढून काढली आणि सगळा गाव भोवती गोळा झाला. नानाने एकट्याने नावेत उतरून, वाकून कटर चालवला. वरचं फायबर सोललं आणि आतलं लाकूड त्याच्या हातात आलं. काळं पडलेलं, भिजलेल्या भाकरीसारखं बोटाने कुसकरणारं. दोन वर्षं ते पाणी बाहेर पडायला वाट शोधत होतं, आणि नानाने दोन्ही बाजूंनी दारं लावून घेतली होती. एका क्षणात त्याला सगळं समजलं. त्याने पटकन फायबरचा सोललेला तुकडा पुन्हा वर दाबून धरला.

"नाना, काय व्हयनं?" कुणीतरी विचारलं.

नाना खाली बघतच म्हणाला, "दगड लागना व्हई."

बस, एवढंच. जोर देऊन नाही, शपथ घेऊन नाही. पण ज्याच्या कानावर तालुक्याचा विश्वास, त्याने म्हटल्यावर आणखी काय हवं? सगळ्यांच्या माना गिरधरकडे वळल्या.

गिरधर म्हणाला, "मी दगड नही दखा." मग नानाकडे बघत म्हणाला, "पन नाना सांगतस म्हंजे व्हईच."

त्याने भांडण केलं असतं, आरडाओरडा केला असता, तर कदाचित नानाचं तोंड उघडलं असतं. पण तो मान खाली घालून उभा राहिला, आणि नानाने ती खाली गेलेली मान बघूनही तोंड मिटून ठेवलं. त्याच आठवड्यात गावाने घाटाचं काम गिरधरकडून काढून घेतलं. महिन्याभरात तो बायको-मुलीला घेऊन दीपनगरला वीज केंद्रावर ठेकेदाराच्या हाताखाली राखेच्या कामाला गेला. नानाने कुजक्या फळ्या घरी आणून चुलीत घातल्या. त्याची बायको वच्छलाबाई फुंकून फुंकून थकली.

"हाई लाकूड काब्र पेटत नही?" ती म्हणाली.

नाना अंगणात जाऊन बसला. धूर मात्र संध्याकाळपर्यंत घरभर होता.

अशी बारा वर्षं गेली. नानाची कीर्ती वाढतच गेली. त्याने पुन्हा लाकडावर फायबर कधी चढवलं नाही, आणि का नाही ते कुणाला सांगितलंही नाही. दर आखाजीला सगळी खानदेशी माणसं गावी परततात तसा गिरधरही यायचा. पण तो पारावर बसायचा नाही. आटलेल्या नदीच्या पात्रात, जुन्या घाटाच्या समोर, गुडघाभर पाण्यात मान खाली घालून एकटाच हिंडत राहायचा. लोक म्हणत, बिचाऱ्याला अजून मान वर करवत नाही. नाना ते लांबून बघायचा आणि दुसऱ्या वाटेने घरी जायचा. आखाजीची पुरणपोळी तो ताटात तशीच ठेवी. वच्छलाबाई समजायची, वय झालं, पचत नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नानाच्या दारात एक स्कूटी येऊन थांबली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी उतरली, वाकून पाया पडली.

"ओळखलं नाही ना नाना? मी नूतन. गिरधर नावाड्याची."

नानाने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. नूतन आता जळगावला एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होती. तिचे विद्यार्थी मेहरूण तलावावरच्या स्पर्धेसाठी छोटी होडी बांधणार होते आणि होडी कशाची करावी यावर त्यांचे वाद चालले होते.

"पुस्तकातलं मी सांगितलंय त्यांना. पण तुमच्यासारखं कोण सांगणार? बाबांनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, चुडामण नानाइतकं नावेतलं कुणाला कळत नाही."

नानाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तो नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात वच्छलाबाई आतून म्हणाली, जातीन ना, काब्र नही जातीन. आणि नाना गेला.

कॉलेजातल्या मोठ्या वर्गात साठेक मुलंमुली होती. आधी शाल-नारळ झालं. ती शाल खांद्यावर घेऊन नाना खुर्चीत अंग चोरून बसला. नूतन प्रास्ताविकाला उभी राहिली.

"हा विषय मी का निवडला ते सांगते," ती म्हणाली. "माझे वडील नावाडी होते. त्यांचं लक्ष चुकलं आणि चौदा बायकांनी भरलेली नाव दगडावर आदळून फुटली. मी तेव्हा नववीत होते. दीपनगरच्या शाळेतही ते पोचलं, मुलं मला दगड म्हणायची. दहावीच्या बक्षीस समारंभाला मी बाबांना येऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते आले नाहीत. पुढे वाटलं, माणूस चुकणारच. पण होडी अशी बनवता यायला हवी, की माणूस चुकला तरी ती फुटणार नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. नानाला ती खांद्यावरची शाल निखाऱ्यासारखी लागली.

तो उठला. बोलणं त्याला जमत नसे, पण नावेचं बोलायचं म्हटल्यावर हळूहळू जीभ सुटली. आपण बोलतोय तोवर ते दुसरं बोलावं लागणार नाही, अशी त्याला आशा होती.

"लाकूड म्हंजे घरचं माणूस," तो म्हणाला. "जड शे, दरसाल सेवा मांगस. पण फुटलं तर गावातला कोणीही खिळा मारून दुरुस्त करीन, आणि पाणी भरलं तरी एकदम तळाला जात नही. बुडताना तुम्हाला येळ देतं." मुलं हसली. कॉलेजात शुद्ध बोलायचं ठरवून आलेल्या नानाची भाषा मध्येच घाट चढायची, मध्येच उतरायची.

पत्र्याचं सांगताना तो खुलला. पत्रा स्वस्त, दोन दिवसांत नाव तयार, दगड लागला तर नुसता पोचा पडतो. पण वैशाखात पाय ठेवाल तर पोळी भाजेल. वल्हं आपटलं की मासे मैलभर पळतात. गंज एकदा आतून लागला की रंगावर रंग देऊन काही उपयोग नाही, आणि पाणी भरलं की नाव सरळ तळ गाठते. अल्युमिनियमला गंजाची भीती नाही, वजनही कमी, पण चीर गेली तर ती जोडणारा माणूस गावात मिळत नाही, भुसावळला जावं लागतं. प्लास्टिकची नाव आपटा, धोपटा, तिला काही होत नाही. मात्र तिला काहीच चिकटतही नाही, भोक पडलं की ती गेलीच समजा. आणि यातलं काहीही नसेल तर केळीचे चार खांब बांधा, तापी ओलांडून जाल, फक्त उद्या पुन्हा नवे खांब शोधावे लागतील. वर्ग रंगला होता. नूतनसुद्धा हसत होती.

"फायबर हलकं," नाना म्हणाला. "गंजत नही, कुजत नही, पाहिजे तो आकार घेतं. पण दगडावर घासलं तर तडकतं, उन्हात पांढरं पडतं. आणि त्याचा मोठा दोष म्हंजे त्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नही."

पुढच्या बाकावरचा समाधान नावाचा मुलगा उभा राहिला. होडीचा नकाशा त्यानेच काढला होता.

"सर, मग लाकडाची होडी करून तिच्यावर फायबर चढवलं तर? दोन्हींचे फायदे मिळतील ना?"

टेबलावर मुलांनी आणून ठेवलेला फळीचा नमुना होता. नानाने सवयीने त्यावर पेराने टकटक केली. खणखणीत वाजला.

"मिळतील," तो म्हणाला. "लाकूड वाळलेलं असेल तर. ओलं असेल तर पाणी आत कोंडतं आणि लाकूड आतल्या आत सडतं. वरून नाव नवरीसारखी दिसती. एक कारागीर होता. त्याने नाव आधी आठ दिवस बुडवून ठेवली, आमच्यात रीतच आहे तशी, आणि मग फायबर चढवलं. दोन वर्षांत बूड कुजलं. त्याला आवाजावरून कळलंही होतं. त्याने सांगितलं नही."

"मग?" समाधानने विचारलं.

"मग फुटली."

इथे थांबता आलं असतं. मुलांनी वहीत लिहूनही घेतलं, लाकूड कोरडं हवं. एक कारागीर म्हणून नाना मोकळा झाला असता, आणि वर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण नूतनने खडू हातात घेऊन, अगदी सहज, शिक्षकाच्या सवयीने विचारलं, "कुठली होडी होती नाना ती?"

नानाने खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि टेबलावर ठेवली. नूतनकडे बघणं त्याला जमलं नाही, म्हणून तो शालीकडे बघत बोलला.

"पिंपरघाटची. गिरधर चालवायचा ती. कारागीर मीच. दगड लागला म्हणून मीच सांगितलं, पोरी. दगडाची खूण कुठेच नव्हती."

मुलांना नीटसं कळलं नाही, पण त्यांनी लिहिणं थांबवलं. नूतन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. हातातला खडू तिने फळ्याखाली ठेवला. मग वळून मुलांना म्हणाली, "आजचा तास संपला," आणि मुलं बाहेर पडल्यावर नानाला म्हणाली, "मला कशाला सांगता? चला."

दीपनगरच्या वाटेवर बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, नानाला मागे बसवलं. भुसावळपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली. नानाला ते बरंच वाटलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला आणखी बरं वाटलं असतं. भुसावळ सोडल्यावर ती मागे न वळता एवढंच म्हणाली, "बक्षीस घ्यायला मी एकटी गेले होते." नाना खिडकीची दांडी घट्ट धरून बसून राहिला.

गिरधर वसाहतीच्या कडेला दोन खोल्यांत राहत होता. अंगणात खाट, खाटेवर राखेचा पातळ थर, तो हाताने झटकून त्याने नानाला बसवलं. केस पांढरे झाले होते, खोकत होता. पण नानाला दारात बघून त्याचा चेहरा इतका उजळला की नानाला उठून पळून जावंसं वाटलं.

"बसा नाना. पानी प्या. पोरगीले नावनं सांगं ना बठ्ठं?"

"सांगं," नाना म्हणाला. त्याने पाण्याला हात लावला नाही. बसलेला तो उठून उभा राहिला, साठी उलटलेला माणूस मास्तरासमोर उभा राहावा तसा. "गिरधर, नावनं बूड सडेल व्हतं. मी फायबर वल्ला लाकूडवर चढाडं. मन्ही चूक शे. तुन्ही नही. मी त्याच दिवशी दखं व्हतं, आनि दगडनं नाव लिधं."

गिरधर ओरडला नाही, अंगावर धावला नाही. नूतन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिचे डोळे भरले होते.

"कुंदाअक्काले माहीत शे?" गिरधरने विचारलं.

"नही. मी सांगसू. आखाजीले, पारवर, बठ्ठासमोर."

"दर आखाजीले मी तिन्हा दारवर नारय ठेवस. ती लेत नही." ठेवलेल्या नारळाची जागा दाखवावी तसा त्याने उंबऱ्याकडे हात केला. मग काहीतरी जुळवत असल्यासारखं त्याने विचारलं, "म्हंजे नाना, तठे दगड व्हताच नही?"

"नही."

गिरधरने आपले दोन्ही तळवे उलटे करून बघितले. राखेने बोटांच्या भेगा काळ्या पडल्या होत्या.

"बारा आखाजी मी नदीमा सोधस त्याले," तो म्हणाला. "पानी उतरनं का हात घाली घाली दखस. म्हनं, सापडना ते काढी टाकसू. दुसरानी नावले लागाले नको."

नाना खाटेवर बसला. मान खाली घालून नदीत हिंडणारा गिरधर त्याने बाराही आखाज्यांना पाहिला होता आणि तोंड चुकवून घरी गेला होता. आता त्याला तोंड चुकवायला दुसरी वाट नव्हती. नूतन आत गेली, दुसरा पेला भरून आणला आणि तो आधी बापाच्या हातात दिला.